तोंड नसलेला लॅपटॉप

३ मार्च, सोमवार

ताईचा लॅपटॉप आज सकाळी गेला. नेहमीसारखा सुरू केला, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही. मी बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तेच. जणू घरातलं माणूस दार उघडून सांगतंय, की इथे त्या नावाचं कोणी राहत नाही.

ताई पलंगावर उशीला टेकून बघत होती. मी म्हटलं, "होईल गं, गरम झाला असेल." तिने डोळे मिटून घेतले. मी खोटं बोलते तेव्हा ती असंच करते, मी सहा वर्षांची होते तेव्हापासून.

ही वही पुढेमागे कोणाच्या हाती पडली तर गैरसमज नको म्हणून लिहून ठेवते. गेल्या दोन वर्षांत मी जिथे जिथे 'ताई म्हणाली' असं लिहिलं आहे, तिथे 'ताईने टाइप केलं' असं समजावं. अर्धांगाच्या झटक्यात तिचा उजवा हात गेला आणि वाचा गेली. तिला समजतं सगळं, शब्द मनात तयार असतात, पण जिभेला वाट सापडत नाही, असं वाचा शिकवणाऱ्या बाई सांगतात. राहिला डावा हात. हा लॅपटॉप इतका छोटा आहे की त्याच्या अक्षरांची पट्टी जेमतेम वीतभर भरते. ताईचा डावा पंजा या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतो. भावाने आणलेली मोठी काचेची पाटी, टॅब्लेट म्हणतात ती, कपाटात पडून आहे. तिच्यावर ताईचं बोट थरथरतं आणि एकेक अक्षर चार-चारदा उमटतं. "मी तोतरी नाहीये," असं म्हणून तिने ती बाजूला सारली होती.

आणि याच ताईने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली. "थांबा हं, जोडून देते." कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी वक्तृत्वाचं बक्षीस सलग चार वर्षं तिलाच दिलं. मी मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवायची.

आज दिवसभर घर इतकं गप्प होतं, की नळ ठिबकतो आहे हे मला दोन वर्षांत पहिल्यांदा कळलं.

४ मार्च, मंगळवार

लॅपटॉपचा खोका माळ्यावरून काढला. त्यात पुठ्ठ्याच्या पाकिटात एक चकती सापडली. 'सिस्टिम पुन्हा बसवण्यासाठी' असं तिच्यावर लिहिलेलं. मला किती हायसं वाटलं. चकती पदराने पुसली आणि लॅपटॉपला ती घालायची फट शोधू लागले. उजवी बाजू पाहिली, डावी पाहिली, मागची पाहिली, उलटा करून पोट पाहिलं. चष्मा बदलला. मग बोट फिरवून पाहिलं, लहान बाळाचा दात आला का ते बघतात तसं.

फट नाहीच. चकती दिली आणि ती घालायला जागा दिली नाही. हे कोणाच्या डोक्यातून आलं असेल?

संध्याकाळी भावाचा फोन आला. म्हणाला, "छोटे, दे फेकून तो डबा. नवा घेऊ."

"नवा इतका लहान मिळतच नाही. बघितलं मी. तिचा हात पोचायला नको?"

"मग थोडे दिवस पाटी-पेन्सिल चालव."

"आणि तिच्या आत जे आहे त्याचं काय?"

"तिच्या आत?"

"लॅपटॉपच्या रे."

आत ताईचं सगळं बोलणं आहे. ती दोन वर्षं एकाच फाइलमध्ये बोलते आहे. पुसत नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "लोक बोललेलं पुसतात का?"

६ मार्च, गुरुवार

पाटी आणली. ताई डाव्या हाताने खडू धरते, दोन शब्दांत पाटी भरते, आणि पुसायला फडकं घ्यायचं तर खडू खाली ठेवावा लागतो. चमचा वाजवून काम चालवतो. एकदा वाजला तर हो, दोनदा तर नाही. तीनदा वाजवला की ती माझ्यावर चिडली आहे. आज तीनदाच जास्त झाला.

दुपारी लॅपटॉप पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकान एका बाईचं आहे. पन्नाशीच्या आतबाहेरची, चष्मा कपाळावर आणि अंबाड्यात स्क्रू-ड्रायव्हर खोवलेला. मी चकती पुढे केली तर हसली.

"काकू, याला तोंडच नाही. तुम्ही खाऊ घालणार कुठून?"

"तेच तर विचारायला आले."

"नाक आहे ना." तिने बाजूची चौकोनी भोकं दाखवली. "पेनड्राइव्ह लावायचा इथे. नळीने भरवतात तसं."

मी पटकन दुसरीकडे पाहिलं. ताईला पहिला महिनाभर नळीनेच भरवत होतो. त्या बाईला काय ठाऊक.

लॅपटॉप ठेवून जा म्हणाली, आठ दिवस लागतील, हातात कामं फार आहेत. मी नको म्हटलं. आत माणसाचं खासगी बोलणं आहे. दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही हे सिस्टरांनी आमच्या हाडात भिनवलं आहे. मीसुद्धा ती फाइल ताईने दाखवली तेवढीच, त्या दिवसापुरती वाचते. दोन पेनड्राइव्ह घेतले आणि थेट माझ्या जुन्या वाचनालयात गेले. तिथे मी अठ्ठावीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहिली. माझ्या जागेवर आता जी आहे तिने चकतीतलं सगळं पेनड्राइव्हवर उतरवून दिलं. पाच मिनिटांचं काम.

परत येताना जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "दुपारची शिकवणी सुरू केलीत का? कोणीतरी आकडे म्हणत असतं."

म्हटलं, "वरच्या मजल्यावरचं असेल. आमच्याकडे कोण म्हणणार आकडे?"

७ मार्च, शुक्रवार

पेनड्राइव्ह लावला. तीच ओळ. सापडली नाही. पाच वेळा केलं. ताईने तीनदा चमचा वाजवला, पण या वेळी माझ्यावर नसावा, कारण नंतर माझा हात थोपटला.

आज तिला काहीतरी सांगायचं होतं. पाटीवर 'पा' लिहिलं, मग हात दमला. मी विचारलं, पाणी? दोनदा चमचा. पाय दुखतो? दोनदा. पाऊस? पार्सल? पासबुक? शेवटी तिने पाटी उलटी ठेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. लहानपणी ती माझ्या वेण्या घालताना सबंध दिवसाच्या गोष्टी सांगायची, मी हूं म्हणायची फक्त. आता मी हूं म्हणायला तयार आहे आणि गोष्टच येत नाही.

१० मार्च, सोमवार

पुन्हा दुकानात. मी केलेला उद्योग ऐकून दुरुस्तीवाल्या बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"काकू, तुम्ही नुसती पुस्तकं नेऊन खोलीत ठेवलीत. त्याने वाचनालय होतं का?"

"नाही. मांडणी लागते. नोंद लागते. दारावर पाटी लागते."

"हां. लॅपटॉप आधी ती दारावरची पाटी बघतो. पाटी नसेल तर आत शिरत नाही. मी पाटीसकट बनवून देते. आणि ही चकतीतली जुनी सिस्टिम सोडा, एक हलकी देते, म्हाताऱ्या मशीनला झेपेल अशी."

म्हाताऱ्या म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती, हे मी नोंदवून ठेवते.

इतकं नीट समजावून आजवर मला कोणी सांगितलं नव्हतं. पेनड्राइव्ह तयार करून दिला आणि एका कागदावर सूचना लिहून दिल्या. कोणतं बटण दाबत राहायचं, काय निवडायचं, मराठी अक्षरं कशी आणायची. अक्षर गिचमिड, पण मुद्देसूद. कागदाच्या तळाशी एक मोठा बाण आहे, म्हणजे पुढे जात राहा. दुसरा पेनड्राइव्ह मी परत द्यायला काढला, तर म्हणाली, "तो राहू द्या, तो लागेल." एक बिघडला तर दुसरा हाताशी हवा. शहाणी आहे.

खालच्या बाई पुन्हा आकड्यांबद्दल बोलल्या. त्यांचे कान तपासून घ्यायला हवेत, पण सांगणार कोण.

११ मार्च, मंगळवार

झालं. लॅपटॉप सुरू झाला. आधी हे लिहिते आणि मग बाकीचं.

सकाळी कामं आटोपून ताईच्या पलंगावरच्या चौरंगावर लॅपटॉप ठेवला. सिस्टर म्हणायच्या, प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचा, मग पेन उचला. मी सूचनांचा कागद दोनदा वाचला आणि लॅपटॉपशेजारी चमच्याने दाबून ठेवला. पाटी स्वयंपाकघरात राहिली होती, पण आता पाटी लागणारच नव्हती.

पेनड्राइव्ह भोकात सैल बसत होता. जरा धक्का लागला की पडदा काळा. दोनदा असं झालं. मग ताईने आपला डावा हात पुढे केला आणि दोन बोटांत पेनड्राइव्ह धरून ठेवला, अगदी न हलवता. एक्स्चेंजमध्ये ती अशीच बसत असणार, फोन जोडायची दोरी खाचेत लावलेली, पाठ ताठ.

मी बटण दाबत राहिले. पडदा निळा झाला. मला इतका आनंद झाला की म्हटलं, "ताई, दारावरची पाटी वाचली त्याने."

मग प्रश्न आले. भाषा कोणती, वेळ कुठली, अक्षरं कोणती. कागदावर होतं तसं मी देत गेले. मग पडद्यावर आलं, की आहे ते सगळं पुसून नवीन सिस्टिम बसवू का. कागदाच्या शेवटच्या ओळीत होतं: 'बसवा' वर दाबा. मी बाण तिथे नेला.

ताई म्हणाली, "थांबा. थांबा."

मी थांबले. तिच्याकडे पाहिलं, तर ती हनुवटीने कागदाकडे खूण करत होती. उचलला. तळाचा बाण पाहिला आणि तेव्हा कुठे कागद उलटला.

मागच्या बाजूला लिहिलं होतं: 'शेवटचं बटण दाबण्याआधी. जुन्या फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. नाहीतर सगळं जाईल.' खाली दोन रेघा मारलेल्या.

मी कागद कधी उलटून बघतच नाही. शाळेत पानाच्या एकाच बाजूला लिहायचं, दुसरीकडे शाई उमटते म्हणून. वाचनालयात कार्डही एकाच बाजूला. चौसष्ट वर्षांत कोणी माझ्यासाठी मागच्या बाजूला काही लिहिलं असेल असं मनातच आलं नाही. एका बोटाच्या अंतरावर होती ताईची दोन वर्षं.

ताईकडे बघायची हिंमत होईना. मागची बाजू पहिल्यापासून वाचली. 'न बसवता आधी पाहा' असं एक दार होतं, त्यातून आत गेले. तिथे जुनी कपाटं जशीच्या तशी होती. ताईची एकच फाइल. नाव, 'बोलणं'. न उघडता दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतली. घेतली की नाही हे तीनदा बघितलं, गॅस बंद केला की नाही बघतात तसं. मग परत मागे येऊन ते बटण दाबलं.

चाळीस मिनिटं लागली. ताईने चाळीस मिनिटं पेनड्राइव्ह धरला. मध्ये मी म्हटलं, "मी धरते," तर मान हलवली. तिच्या नाकावर माशी बसली ती मी हाकलली.

सुरू झाल्यावर, मराठी अक्षरं आल्यावर, ताईने हात झटकला, बोटं मोकळी केली, आणि आठ दिवसांनी पहिलं वाक्य म्हणाली: "ठमे, तू चहा फार पातळ करतेस. मला शुक्रवारी 'पातळ' लिहायचं होतं."

पातळ. मी पासबुकापर्यंत गेले होते.

दाट चहा केला. दोघींनी प्यायला. फाइलही परत जागेवर आली.

१२ मार्च, बुधवार

सकाळी कालचं पान वाचत होते. लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचून शुद्धलेखन सुधारायचं, ही सवयही शाळेचीच. 'हनुवटी' बरोबर आहे ना ते बघत होते.

एका ओळीवर अडकले. तीनदा वाचली. मग चष्मा काढून वाचली.

ताई म्हणाली, थांबा.

कशावर म्हणाली?

लॅपटॉपच्या पडद्यावर तेव्हा दुसरंच चाललं होतं, त्यावर टाइप करायची सोयच नव्हती. पाटी स्वयंपाकघरात. चमचा कागदावर. आणि तिचा एकुलता एक हात पेनड्राइव्हवर.

वही तशीच उघडी टाकून आत गेले. ताई खिडकीकडे बघत होती. मला शब्द सापडेनात. ही माझीच वाचा गेली की काय, असं वाटलं.

"काल तू बोललीस," म्हटलं.

तिने लॅपटॉप ओढला. "आत्ता कळलं होय तुला?"

"तोंडाने बोललीस."

"मग काय कानाने? मला वाटलं, तू ऐकून न ऐकल्यासारखं करते आहेस. वाचेच्या बाईंनी सांगितलं होतं ना, शब्दामागे लागायचं नाही, आपलं आपण येऊ द्यायचं. मी म्हटलं, ठमी पहिल्यांदाच कुणाचंतरी ऐकते आहे."

मी तिच्या पायाशी बसले. तिने पुढे लिहिलं, सावकाश. लॅपटॉप बंद पडल्यापासून, मी बाहेर गेले की ती आकडे म्हणून बघत होती. एक्स्चेंजमधले. दोन, चार, सात. आधी नुसती हवा यायची, मग आवाज, मग अर्धा आकडा. माझ्यासमोर करत नव्हती. "तू तोंडाकडे आशेने बघत बसतेस. लहानपणी जिलेबीकडे बघायचीस तशी. घास उतरत नाही."

खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या कानांबद्दल मी जे लिहिलं आहे ते मागे घेते.

मी विचारलं, "लॅपटॉप होता तेव्हा का नाही केलंस?"

"तेव्हा नडत नव्हतं."

"मग उगीच दुरुस्त केला का मी?"

तिने दोन वर्षांत केलं नसेल इतक्या जोरात टाइप केलं. "खुळी. दिवसभर 'थांबा, थांबा' करत बसू का? चहाचं कोण सांगणार तुला?"

मी म्हटलं, आत्ता म्हण ना एकदा. तिने तोंड उघडलं. गाल लाल झाले, गळ्याची शीर ताठली, काही आलं नाही. मी जिलेबीकडे बघितल्यासारखी बघत होते. मग आम्ही दोघी हसायला लागलो. हसण्याला मात्र आवाज होता, तिचाच, जुना, घोगरा. तो नेहमीच होता का? मी कधी नीट ऐकलंच नाही.

वाचा शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. त्यांनी 'थांबा' कधी आलं, कशावरून आलं, सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "तोंडाला सवयीचा शब्द तो. तोच आधी यायचा. आता तुम्ही विसरा. हाक मारू नका, दार मात्र उघडं ठेवा."

१६ मार्च, रविवार

चार दिवस विसरायचा प्रयत्न करते आहे. जमत नाही, पण ताईकडे पाठ करून भाजी चिरायला शिकले आहे.

ती रोज लॅपटॉपवर भरपूर बोलते, आठ दिवसांची उधारी फेडल्यासारखी. काल तिने मला फाइल पहिल्या पानापासून वाचायला दिली. मी आढेवेढे घेतले तर म्हणाली, "सिस्टरांना मी सांगते, तू वाच." दोन वर्षांचं तिचं बोलणं आहे, पण फक्त तिचं. "नको." "हो, पण खिडकी उघड." "तुला काय कळतंय." "रडू नकोस, नाक लाल होतं." माझं त्यात काहीच नाही, कारण मी तोंडाने बोलत होते. वाचता वाचता मी माझ्या बाजूची वाक्यं आठवत होते. बरीचशी या वहीत आहेत.

आज अकराच्या सुमारास मी कपडे धूत होते. हात कोपरापर्यंत साबणात. बाहेरच्या खोलीत फोन वाजला. रविवारचा भावाचाच असणार. ताई दुपारपर्यंत तिथेच खुर्चीत बसते, फोन तिच्या डाव्या हाताशी. आजवर तो वाजू द्यायचा आणि मी धावायचं, असंच चालत आलं आहे. मी नळ बंद करेपर्यंत चार घंट्या झाल्या. पाचवी अर्ध्यात तुटली.

मग आवाज आला. जाड, जरा ओढलेला, पण एकेक अक्षर सुटं.

"थांबा हं."

आणि थोड्या वेळाने, दमून, "जोडते."

मी न्हाणीघराच्या दारात उभी राहिले. बाहेर गेले नाही. बाई म्हणाल्या होत्या, मागे लागू नका. साबण कोपरावरून गळत होता. दहापर्यंत मोजलं आणि मग सहज आल्यासारखी गेले. ताईने रिसीव्हर खुर्चीच्या हातावर ठेवला होता आणि ती खिडकीबाहेर बघत होती, जसा काही तिचा संबंधच नाही. मी रिसीव्हर ओल्या हाताने उचलला.

भाऊ म्हणाला, "छोटे, आत्ता फोन कोणी उचलला? कोण आलंय तुमच्याकडे? आवाज ओळखीचा वाटला गं."

ताईने माझ्याकडे न बघता हनुवटी जरा वर केली. सांग, म्हणून.

मी म्हटलं, "ऑपरेटर."